तिसरी चढाई

दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर क्रिकेटच्या सामन्याची वेळ ओहोटी ठरवते. पाणी मागे सरलं की ओली, घट्ट वाळू उघडी पडते, टेनिसच्या चेंडूला बऱ्यापैकी उसळी मिळते आणि भरती परत येईपर्यंत जेवढी षटकं होतील तेवढा सामना. डाव्या हाताला वैतरणेचं मुख, पाण्यापलीकडे अर्नाळ्याचा किल्ला, पाठीमागे सुरूची झाडं. सुरूच्या सावलीत बसलेले म्हातारे आयुष्यात कधी बॅट धरली नसेल तरी कोणाला कुठल्या नंबरवर पाठवायला हवं होतं ते ठामपणे सांगतात. सफाळे स्टेशनवरून आत येणारी गाडी चुकली तर पाहुणा संघ उशिरा पोचतो. मग निम्मी वाळू पाण्याखाली जाते आणि वाद सुरू होतात. हे वाद मी खेळाडू म्हणून खूप घातलेत.

एका मोसमात आम्ही सलग नऊ सामने हरलो. त्यातले काही सरळ धुलाईचे, काही हाता-तोंडाशी आलेले. पहिल्या तीन पराभवांचं कोणाला काही वाटलं नाही. टॉस, वारा, ओली वाळू, अंपायर अशी सगळी कारणं तयार होती. चौथ्यानंतर कारणं संपली आणि माणसं सुरू झाली. आधी सलामीवीर बदलले, मग कप्तान बदलला, मग टी-शर्टचा रंग अशुभ ठरला. गावदेवीला नारळ फुटला. सातव्या पराभवानंतर परतीच्या टेम्पोत कोणीतरी मोठ्यानं हिशेब मांडला, की आमचा स्कोअर लिहायला येणारा पोरगा ज्या दिवसापासून येतोय त्या दिवसापासून आपण जिंकलेलो नाही. पोरगा टेम्पोतच होता, मागे, किटच्या पिशव्यांवर. तो हसला. हसण्याशिवाय त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. ‘पनवती’ हा शब्द त्या दिवशी उच्चारला गेला आणि तो मग त्याच्या अंगाला चिकटला.

त्या पोराकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे. सलग हरणाऱ्या संघाच्या मनात काय चालतं हे मला त्याच्यामुळेच कळलं, आणि तेसुद्धा पुष्कळ उशिरा.

आधी नुसता हिशेब करू. समजा एक संघ अगदी मध्यम आहे, प्रत्येक सामन्यात जिंकण्या-हरण्याची शक्यता निम्मी निम्मी, नाणं उडवल्यासारखी. असा संघ आयपीएलसारखे साखळीचे १४ सामने खेळला, तर त्यात कुठेतरी सलग तीन पराभव येण्याची शक्यता किती? बहुतेक जण दहा-पंधरा टक्के म्हणतात. उत्तर आहे सुमारे ६५ टक्के. सलग चार पराभवांची शक्यतासुद्धा ३५ टक्क्यांच्या आसपास भरते. म्हणजे कोणाचंही काहीही चुकलेलं नसताना, कोणाचाही फॉर्म गेलेला नसताना, मध्यम संघाच्या दर तीन मोसमांपैकी दोन मोसमांत तीन पराभवांची रांग लागणारच. नाण्याला आधीचा छापा-काटा आठवत नाही. माणसाला आठवतो, आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. चौथ्या सामन्याला उतरणारा संघ पहिल्या सामन्याला उतरलेला संघ राहिलेला नसतो. त्याच्या किटमध्ये तीन सामन्यांचं ओझं जास्त असतं.

ते ओझं मैदानावर कसं दिसतं? उंच उडालेल्या झेलाखाली दोघे धावतात आणि ‘माझा’ असं कोणीच ओरडत नाही. शेवटचं षटक कोण टाकणार म्हटलं की गोलंदाज बुटाची नाडी बांधायला वाकतात. फलंदाज चेंडू पाहायच्या आधी आपला पाय कुठे पडतोय ते पाहतो. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली गोष्ट तो पुन्हा डोक्यानं करायला जातो आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करणाऱ्या माणसासारखा अडखळतो. त्याहून घातक बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक जण संघ हरला तरी आपल्यावर बोट येणार नाही अशा बेतानं खेळू लागतो. चाळीस चेंडूंत तीस धावा करून नाबाद राहणारा फलंदाज हरणाऱ्या संघातच पिकतो.

फ्रान्समधला शेतकी अभियंता रिंगेलमान यानं माणसांना दोर ओढायला लावून एक साधी गोष्ट मोजली होती; १९१३ साली ती छापून आली. माणसं वाढत जातात तसा प्रत्येकाचा वाट्याचा जोर कमी होत जातो. आठ जण ओढतात तेव्हा आठपट जोर लागत नाही. होडी वाळूवर ओढून घेणाऱ्या आमच्या किनाऱ्यावर हे सांगायला फ्रेंच माणसाची गरज नव्हती. दोराला नुसता हात लावून ‘हो हो’ करणारा एक तरी इसम प्रत्येक होडीला असतोच. पण होडी हलत असेल तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ती वाळूत रुतली की सगळे एकमेकांच्या हातांकडे पाहू लागतात, आणि पाहणाऱ्याचा स्वतःचा जोर तेवढाच कमी होतो.

भारतीय कसोटी क्रिकेटच्या इतिहासात अशी रुतलेली होडी १९६७-६८ मध्ये होती. इंग्लंडमध्ये तीनपैकी तीन कसोटी हरलो, मग ऑस्ट्रेलियात चारपैकी चार. सलग सात. त्याआधी परदेशात भारतानं एकही कसोटी जिंकलेली नव्हती, त्यामुळे ‘आपल्याला जमत नाही’ हे वाक्य जवळजवळ राष्ट्रीय मत होतं. पण त्या सातांच्या मध्ये ब्रिस्बेनची कसोटी आहे. मागाहून बोलावून घेतलेला जयसिंहा विमानातून उतरून जेमतेम सरावला आणि त्यानं ७४ आणि १०१ केल्या. ३९५ धावांचा पाठलाग करताना भारत ३५५ पर्यंत गेला. ३९ धावांनी हार. पराभवांच्या यादीत ती इतर सहांसारखीच एक रेघ दिसते. पुढची सिडनीची कसोटीही हरलो, म्हणजे ब्रिस्बेननं जादू केली असं म्हणायची सोय नाही. त्यानंतर संघ न्यूझीलंडला गेला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये ड्युनेडिनला पाच गडी राखून जिंकला. दादरच्या अजित वाडेकरनं दोन्ही डावांत अर्धशतकं काढली. पुढे वेलिंग्टनला त्याचं शतक झालं, बापू नाडकर्णींनी एका डावात सहा बळी घेतले आणि मालिका ३-१ अशी आपली झाली. न्यूझीलंड त्या काळी ऑस्ट्रेलियापेक्षा कच्चा होता, हे मान्यच. पराभवाची रांग तुटायला पुष्कळदा समोरचा थोडा कच्चा असावा लागतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तो कच्चा आहे हे ओळखण्याइतकी शुद्ध शिल्लक असायला हवी.

हरण्याच्या रांगेतून बाहेर पडण्याची कला मराठी क्रिकेटमध्ये कोणाला विचारावी, तर माझ्या मते अमोल मुजुमदारला. हा माणूस वाट पाहण्यासाठीच प्रसिद्ध. १९८८ मध्ये हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागी रचली तेव्हा हा पॅड बांधून पुढच्या नंबरवर बसला होता, आणि बसूनच राहिला. १९९४ मध्ये मुंबईकडून पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा झाल्या. भारताची कॅप मात्र कधीच मिळाली नाही. नशिबाला दोष द्यायला इतकी सामग्री असलेला माणूस कडू झाला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता.

२००६-०७ च्या रणजी मोसमात तो मुंबईचा कप्तान होता आणि प्रवीण आमरे प्रशिक्षक. मुंबई पहिले तीनही सामने हरली. मुंबई! तेव्हा ३६ वेळा रणजी जिंकलेला संघ. ज्या संघाला जिंकण्याची सवय जास्त, त्याला हरणं जास्त झोंबतं, कारण प्रत्येक पराभवाच्या वेळी आधीच्या पिढ्या खांद्यावरून डोकावत असतात. आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या संघाला निदान तो त्रास नव्हता. तिथून मुंबई उठली, बाद फेरीत आली आणि उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात तिचा धावफलक होता, पाच बाद शून्य. पुन्हा वाचा: शून्य धावा, पाच गडी बाद. तो सामनाही मुंबईनं जिंकला आणि वानखेडेवर बंगालला हरवून ३७वं विजेतेपद घेतलं. रोहित शर्माचा तो रणजीतला पहिला मोसम. त्या पोरानं पहिल्याच वर्षी पाहिलं की मोसमाची सुरुवात म्हणजे मोसम नव्हे. पुढे २०१५ मध्ये त्याच्या कप्तानीखाली मुंबई इंडियन्स पहिले चार सामने हरली आणि तरी ईडन गार्डन्सवर चषक उचलला, तेव्हा त्याला हे आठवलं असेल का, कोण जाणे.

सारं असंच गोड होतं असं मात्र नाही. त्याच रोहितचा संघ २०२२ मध्ये सलग आठ हरला, नववा त्याच्या वाढदिवशी जिंकला आणि तळाला राहिला. गोष्टी सांगणारे २०१५ सांगतात, २०२२ सांगत नाहीत.

मुजुमदारकडे परत येतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये, घरच्या विश्वचषकात, पुन्हा तोच आकडा: तीन. पहिले दोन सामने जिंकल्यावर विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेनं हरवलं. तिथेच आपण ३३० केल्या आणि ऑस्ट्रेलियानं त्या पार केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तो तेव्हाचा सर्वांत मोठा पाठलाग. मग १९ ऑक्टोबरला इंदूर. इंग्लंडच्या २८८ चा पाठलाग स्मृती मानधना आणि कप्तान हरमनप्रीत यांनी जवळजवळ संपवत आणला होता. सांगलीची स्मृती ८८ वर बाद झाली आणि संघ हातात चार गडी असताना चार धावांनी हरला. धुतला गेलेला संघ निदान रात्री झोपतो. चार गडी शिल्लक ठेवून चार धावांनी हरलेल्यांना झोप येत नाही, कारण प्रत्येकीला आपली एक धाव कुठे राहिली ते नेमकं ठाऊक असतं.

त्या रात्री काय झालं? हरमनप्रीतनं नंतर जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की सर बोलले आणि कडक बोलले. असे सामने संपवता आलेच पाहिजेत, पुन्हा पुन्हा तीच चूक चालणार नाही. मुलींना ते लागलं, पण कोणी मनाला लावून घेतलं नाही, कारण बोलणारा मनापासून बोलतोय हे त्यांना माहीत होतं. विश्वचषक हातात आल्यावरही तिनं त्या रात्रीचा उल्लेख केला, की तिथून बरंच काही बदललं.

कडक बोलणं हे औषध आहे असा यातून कोणी अर्थ काढू नये. आमच्या टेम्पोतही लोक कडकच बोलले होते. फरक बोट कुठे रोखलंय त्यात आहे. ‘हा सामना संपवायला हवा होता’ हे वाक्य कामाबद्दल आहे, आणि काम उद्या सुधारता येतं. ‘तू आलास की आपण हरतो’ हे माणसाबद्दल आहे, आणि त्यावर त्या माणसाला करता येण्यासारखं काहीच नसतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यानं १९६७ पासून ज्यावर काम केलं ती ‘शिकलेली हतबलता’ हीच. आपण काहीही केलं तरी परिणाम बदलत नाही असा अनुभव पुरेसा मिळाला की दार उघडं असलं तरी जीव बाहेर पडायचा प्रयत्न सोडतो. पराभव म्हणजे काय याचा जो अर्थ माणूस मनाशी लावतो, त्यावर त्याचं पुढचं पाऊल ठरतं.

आणि जेमिमा रॉड्रिग्ज. भांडुपची ही मुलगी इंदूरच्या सामन्यातून वगळली गेली. विचार करा: संघ हरतोय, तुला बाहेर बसवलंय, आणि तरी संघ हरलाच. पुढच्या सामन्यात, नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध, ती परतली आणि नाबाद ७६ केल्या. ३० ऑक्टोबरला त्याच मैदानावर उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया, लक्ष्य ३३९. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे तिला अगदी ऐन वेळी कळलं. पुरुष किंवा महिला, विश्वचषकाच्या बाद फेरीत एवढा पाठलाग कोणी केलेला नव्हता. डावांच्या मध्ये मुजुमदारनं फळ्यावर जे लिहिलं ते इतकंच होतं: अंतिम फेरीला जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. ३३९ चा आकडा त्यानं एका धावेवर आणून ठेवला. जेमिमा नाबाद १२७, हरमनप्रीत ८९, पाच गडी राखून विजय.

त्यानंतर जेमिमा जे बोलली ते मला तिच्या खेळीइतकंच महत्त्वाचं वाटतं. स्पर्धेच्या सुरुवातीला चिंतेनं पोखरून काढलं होतं, सामन्याआधी आईला फोन करून रडत असे, हे तिनं सगळ्या देशासमोर सांगितलं. संघातल्या अरुंधती रेड्डीसमोर ती जवळजवळ रोज रडत होती, आणि स्मृती नुसती येऊन जवळ उभी राहायची. हे दोघींचं करणं मी वहीत लिहून ठेवलंय. हरणाऱ्या संघात सल्ला देणारे पुष्कळ असतात, जवळ उभे राहणारे कमी. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून या संघानं चषक घेतला. ज्याला भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही, तो माणूस त्या रात्री मैदानावर उभा होता.

क्रिकेटमध्ये हे सगळं माणसांनी मनानं करावं लागतं. कबड्डीनं मात्र ते नियमातच बसवून ठेवलंय, आणि आपण तिच्याकडे या नजरेनं कधी पाहत नाही. संघाचा चढाईला गेलेला गडी हात हलवत परत आला, पुढच्या चढाईतही तसंच झालं, तर तिसऱ्या चढाईला जाणाऱ्यानं गुण आणलाच पाहिजे, नाहीतर तो बाद. दोनदा रिकाम्या हातानं येण्याची मुभा आहे, तिसऱ्यांदा घाबरण्याची नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले आणि त्यांनी चढाईवाल्याला धरलं तर एकाऐवजी दोन गुण. खंगलेल्या संघाच्या पकडीला जास्त भाव. आणि लोण! सातच्या सात गडी बाद झाले, समोरच्याला जादा दोन गुण गेले, याहून वाईट अवस्था नाही. पण नेमक्या त्याच क्षणी सातही जण एकदम जिवंत होऊन मैदानात येतात. दोन गडी उरलेला संघ भेदरलेला असतो, लोण बसलेला संघ पूर्ण असतो. जुने खेळाडू यामुळेच कधी कधी शेवटचा गडी मुद्दाम लवकर बाद होऊ देतात. रडतखडत एकट्यानं तग धरण्यापेक्षा लोण घ्या आणि सगळे आत या.

पुणेरी पलटण प्रो कबड्डीच्या पहिल्या दोन मोसमांत, २०१४ आणि २०१५ मध्ये, आठांत आठवी होती. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत अंतिम सामन्यापर्यंत येऊन जयपूरकडून चार गुणांनी हरली. १ मार्च २०२४ ला हैदराबादला अस्लम इनामदारच्या कप्तानीखाली हरियाणाला २८-२५ असं नमवून तिनं पहिलं विजेतेपद घेतलं. तळ ते चषक, मध्ये जवळपास दहा वर्षं. एवढ्या वर्षांत कितीतरी खेळाडू आले-गेले, त्यामुळे ही एकाच संघाची गोष्ट आहे का, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. लोण बसला आणि नवे सात आत आले, असं म्हणू.

आमच्या पालघर तालुक्याची मुलं हे सगळं शार्दूल ठाकूरच्या नावानं सांगतात. माहीम-पालघरचा मुलगा, किटची पिशवी घेऊन लोकलनं मुंबई गाठणारा. रणजीच्या पहिल्या चार सामन्यांत त्याची गोलंदाजीची सरासरी ८२ होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला कसोटी पदार्पण, दहा चेंडू टाकले आणि जांघ दुखावून बाहेर. पुढची कसोटी दोन वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, तीही ब्रिस्बेनला, ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या संघातून. सहा बाद १८६ असताना तो आला आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ जोडून गेला. स्वतःच्या ६७, सामन्यात सात बळी. आमच्या इथे ती खेळी अजून चेंडूगणिक सांगितली जाते. ८२ ची सरासरी मात्र कोणी सांगत नाही.

आता तो स्कोअर लिहिणारा पोरगा. पण त्याआधी एक अभ्यास.

बास टेर वील या डच अर्थशास्त्रज्ञानं नेदरलँड्सच्या फुटबॉल लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या प्रशिक्षक-बदलांचा अभ्यास केला होता. संघ सलग हरू लागला की प्रशिक्षकाला काढतात, त्यानंतर निकाल सुधारतात, आणि काढलं म्हणून सुधारले असं सगळे म्हणतात. त्यानं शेजारी असे संघ ठेवले ज्यांची तेवढीच घसरण झाली होती, पण ज्यांनी प्रशिक्षक ठेवला. तेही तितकेच सुधारले. तळाला गेलेली गोष्ट वर येतेच. त्या वेळी जे काही केलेलं असेल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. नारळ फोडला तर नारळाच्या.

दहाव्या सामन्याच्या सकाळी आम्ही टेम्पो त्या पोराच्या घरावरून नेला नाही. आगरातून जाणारी लांबची वाट घेतली. कोणी तसं ठरवलं नव्हतं. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेल्यानं फक्त हातानं खूण केली आणि आम्ही कोणी काही बोललो नाही. मीही नाही. ओहोटी मोठी होती, वाळू सुकी लागली, समोरच्यांचे दोन चांगले गोलंदाज लग्नाला गेलेले. आम्ही जिंकलो.

परतीच्या वाटेवर टेम्पोत नाच झाला आणि मग कोणीतरी म्हणालं, बघितलंत?

पोरगा त्यानंतर सामन्याला आला नाही. वही त्याच्याकडेच राहिली. बऱ्याच वर्षांनी, त्याच्या घरी लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलो होतो, तेव्हा त्यानं आपणहून ती काढून दाखवली. निळ्या शाईत नऊ सामने, प्रत्येक चेंडू नोंदवलेला, ओल्या वाऱ्यानं पानं फुगलेली. नऊपैकी तीन सामने आम्ही पाचहून कमी धावांनी हरलो होतो. त्या तिन्ही पानांवर शेवटच्या षटकाखाली त्यानं एक बारीक रेघ ओढली होती. दहाव्या पानावर वर तारीख होती, दोन्ही संघांची नावं होती, आमची अकरा नावं क्रमानं लिहिलेली होती. त्याखाली सगळे रकाने कोरे. आदल्या रात्रीच तयारी करून ठेवली होती म्हणाला.

तो सामना आम्ही किती धावांनी जिंकलो ते आता कोणालाच आठवत नाही.